ब्रॉडहेडला वस्तऱ्याची धार येत नाहीये, कुठे चुकतंय?

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · ९ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. धनुष्यबाणाने शिकार करणारे आपल्यात फार नसतील, पण सुऱ्या, वस्तरे, हत्यारं यांची जाण असलेले बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतोय.

मी सेंट पॉलजवळ राहतो. चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने नाद लावला. इथे सप्टेंबरच्या मध्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत बाणाचा सीझन असतो. लायसन्स काढून, नेमून दिलेल्या भागात, ठरलेल्या संख्येइतकीच हरणं मारता येतात.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: सरावाच्या बाणाला पुढे गोल निमुळतं टोक असतं, त्याला फील्ड पॉइंट म्हणतात. शिकारीला जाताना ते काढून तिथे ब्रॉडहेड, म्हणजे पात्यांचं टोक, पिळून बसवतात. माझं दोन पात्यांचं, एकसंध पोलादाचं, १२५ ग्रेनचं आहे. म्हणजे जेमतेम ८ ग्रॅम. बंदुकीची गोळी धक्क्यानेही जनावर पाडते. बाणाकडे तो धक्का नाही. त्याने कापलं तरच काम होतं.

गेल्या ऑक्टोबरात संध्याकाळी १८ यार्डांवर एक मादी उभी होती. बाण आरपार गेला, पण मला हवा होता त्यापेक्षा चार बोटं मागे. अर्धा तास थांबून खाली उतरलो. पहिल्या पन्नास पावलांत रक्त बरं होतं, गडद लाल. मग थेंब. मग पानांवर टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके. दोनशे पावलांनंतर काहीच नाही. आम्ही दोघांनी रात्री एकपर्यंत शोधलं, सकाळी उजाडल्यावर पुन्हा शोधलं. सापडली नाही.

घरी आल्यावर त्याच पाकिटातलं दुसरं ब्रॉडहेड वर्तमानपत्रावर ओढून बघितलं. कागद कापलाच नाही, फाटला. नवं कोरं, पाकिटातून काढलेलं, म्हणून मी धार तपासलीच नव्हती. ते हरीण माझ्या डोक्यातून जात नाही.

यंदा रोलरवर चालणारा जिग घेतलाय. त्यात ब्रॉडहेड धरायचं आणि दगडावरून पुढेमागे फिरवायचं. ३२५, ६०० आणि १२०० मेशच्या डायमंड प्लेट्स आहेत (आकडा जितका मोठा, तितकी प्लेट बारीक). तीन आठवडे घासतोय. हातावरचे केस एका अंगाने निघतात, दुसऱ्या अंगाने नाही. फोमच्या टार्गेटमध्ये हाताने दोनदा खुपसलं की असलेली धारही जाते. कोणी सांगेल का?

---

रानभात · ९ ऑगस्ट

आमच्याकडे रत्नागिरीत भात कापायचा विळा दातेरी असतो. गुळगुळीत धारेच्या कोयत्याने भात कापून बघा, ताट नुसतं वाकतं. दाते धरतात आणि मग कापतात. मला वाटतं तुम्ही उगाच १२०० पर्यंत जाताय. कानशीने घासा आणि सोडून द्या.

---

सविता_मॅडिसन · १० ऑगस्ट

मी शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये, सात सीझन झाले. आधी एक स्पष्ट बोलते, राग मानू नका. चार बोटं मागे आणि रक्त गडद, म्हणजे बाण बहुतेक यकृतात गेला होता. तिथे अर्धा तास पुरत नाही, चार तास तरी थांबायचं असतं. फुप्फुसाचं रक्त गुलाबी, फेसाळ असतं, तेव्हा अर्धा तास ठीक. बाणाला हिरवट काही लागलं असेल, वास असेल, तर आतडं. मग आठ ते बारा तास जागचं हलायचं नाही. उठवलेलं हरीण मैलभर जातं. तेव्हा सगळा भार धारेवर टाकू नका.

पण धार हवीच, त्यात वाद नाही. तुमच्या मिनेसोटाच्या नियमात तर लिहिलेलंच आहे: टोक धारदार हवं, धातूच्या किमान दोन कापणाऱ्या कडा हव्यात, रुंदी किमान ७/८ इंच हवी, आणि मागे काटे नकोत. 'धारदार' हा शब्द कायद्यात आहे. पाकिटातलं ब्रॉडहेड धारदारच असेल हे आपण गृहीत धरतो, तिथे फसतो.

रानभात, तुमचं म्हणणं इथे जुनंच आहे. इथले नामवंत धनुर्धारी शिकारी फ्रेड बेअर, ज्यांचं रेझरहेड नावाचं ब्रॉडहेड १९५६ मध्ये आलं, ते कानशीनेच धार लावत. त्यांच्या पिढीतले बरेच जण त्या खरखरीत धारेवर विश्वास ठेवायचे आणि भरपूर शिकार करायचे. मी स्वतः दोन्ही करून शेवटी गुळगुळीतवर आले.

---

टूलरूम_भोसरी · १० ऑगस्ट

३४ वर्षं टूल अँड कटर ग्राइंडरवर काढली, आता निवृत्त. बाणातलं मला काही कळत नाही, पण कटिंग एज ही कटिंग एजच. तीन गोष्टी करून सांगा:

१. काळ्या मार्करने चारही उतार, म्हणजे धारेकडे तिरके घासलेले भाग, रंगवा (दोन पाती, प्रत्येकाला दोन अंगं, म्हणजे चार). जिगमध्ये बसवून ६०० वर फक्त दोन हात मारा. शाई कुठली गेली, कुठली राहिली, ते भिंगातून बघून लिहा.

२. घासून झाल्यावर धारेच्या पलीकडच्या अंगाला बर (घासताना धारेवरून पलीकडे वळलेली पोलादाची बारीक कड) हाताला लागते का? पूर्ण लांबीभर की तुकड्यातुकड्यात?

३. बर काढता कशी?

उत्तरं येईपर्यंत घासू नका. तीन आठवड्यांत बरंच पोलाद उडवलं असणार.

---

हिरवा_सह्याद्री · १० ऑगस्ट

मला हा धागा वाचवत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ती उगाच नाही. धार चांगली की वाईट हा प्रश्नच का यावा? मारूच नका.

---

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · १० ऑगस्ट

हिरवा_सह्याद्री, तुमचा राग मी समजू शकतो. भारतात बंदी आहे आणि ती असलीच पाहिजे, कोणी हे वाचून तिकडे काही करायचा विचारही करू नये. इथल्या शेतीच्या पट्ट्यात हरणांवर अंकुश ठेवणारे लांडगे राहिलेले नाहीत. किती परवाने द्यायचे ते राज्याचं खातं दरवर्षी कळपांचा अंदाज घेऊन भागाभागानुसार ठरवतं. जे मारतो ते आम्ही खातो. वर्षभराचं मटण एका हरणात निघतं. तुम्हाला हे पटावं असा आग्रह नाही. पण मी जाणार आहे हे ठरलेलं आहे, आणि गेल्या वर्षासारखं पुन्हा होऊ नये म्हणून इथे आलोय.

---

सविता_मॅडिसन · ११ ऑगस्ट

एक भर. १९३४ साली आमच्या कोलंबिया आणि सॉक या दोन काउंट्यांमध्ये देशात पहिल्यांदा फक्त धनुष्यबाणासाठी हरणांचा सीझन ठेवला गेला. त्याच सॉक काउंटीत आल्डो लिओपोल्ड यांची झोपडी आहे. वन्यजीव व्यवस्थापन हा विषय अमेरिकेत उभा करणाऱ्यांपैकी ते एक, आणि ते स्वतः लाकडातून धनुष्य तासून शिकारीला जायचे. जंगलावर जीव असणं आणि शिकार करणं, दोन्ही एकाच माणसात असू शकतं.

---

गुरांचा_डॉक्टर · ११ ऑगस्ट

सांगली जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. गुळगुळीत की दातेरी यावर माझ्या कामातलं एक सांगतो.

गाय व्याली की वासरू खाली पडताना नाळ ताणून तुटते. रक्त जवळजवळ येत नाही. तीच नाळ घाईत कोणी ब्लेडने सपकन कापली आणि बांधली नाही, तर टपटप रक्त येत राहतं, वासरू दगावूही शकतं. कारण साधं आहे. ताणून तुटलेली रक्तवाहिनी आखडते, आतलं अस्तर आत वळतं, चेंगरलेल्या पेशींतून रक्त गोठवणारे घटक सुटतात आणि तोंड बंद होतं. स्वच्छ कापलेल्या वाहिनीला हे सगळं करायला वेळ लागतो.

म्हणजे बोथट पातं रक्तवाहिनी फाडतं आणि शरीराला ती बंद करायला मदत करतं. शिवाय रक्तवाहिनी लवचिक असते. धार बोथट असेल तर ती बाजूला सरकते, कापलीच जात नाही. रानभात, भाताचं ताट वाळलेलं आणि ताठ असतं, त्याला दाते चालतात. ओल्या, हलणाऱ्या, निसटणाऱ्या गोष्टीला वस्तराच हवा. जनावराच्या दृष्टीनेही तेच बरं. स्वच्छ काप लागलेला माणसालासुद्धा आधी कळत नाही, रक्त दिसल्यावर कळतं.

---

रानभात · ११ ऑगस्ट

डॉक्टर, नाळेचं उदाहरण पटलं. आमच्या गोठ्यात हे बघितलंय, पण कारण कधी कोणी सांगितलं नव्हतं. कानशीचा सल्ला मागे घेतो.

---

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · १२ ऑगस्ट

टूलरूम काका, मार्कर लावून बघितलं. धक्काच बसला.

ज्या अंगाला वजनाचा आकडा कोरलाय तिथल्या दोन्ही उतारांवर शाई मागच्या बाजूची गेली, पण अगदी धारेलगत काळी रेघ तशीच राहिली. केसाएवढी, पण टोकापासून मागपर्यंत. पलटून दुसरं अंग बघितलं तर उलटं: धारेलगतची शाई साफ, मागची सगळी शाबूत.

बर आकड्याच्या अंगाला लागते, तीही मागच्या अर्ध्या भागातच. टोकाकडे काही लागत नाही. आणि बर काढतो कशी म्हणाल तर, वेगळं काही करत नाही. शेवटी जीन्सच्या मांडीवर दोनदा ओढतो.

---

टूलरूम_भोसरी · १२ ऑगस्ट

झालं, निदान झालं. काका म्हणालास, आता मी अरेतुरेच करतो.

कारखान्यातच तुझी दोन अंगं वेगवेगळ्या कोनात ग्राइंड झालीयेत. आकड्याच्या अंगाचा उतार तुझ्या जिगच्या कोनापेक्षा उभा आहे, म्हणून दगड फक्त मागच्या खांद्यावर टेकतोय. तीन आठवडे तू तिथे घासलंस आणि दगड धारेला शिवलाच नाही. दुसऱ्या अंगाचा उतार आडवा आहे, तिथे दगड धारेलाच लागतोय आणि बर पलीकडे ढकलतोय. ती बर कोणी काढत नाही. तुझे केस कापत होती ती धार नव्हेच, ती बर होती. पातळ पत्र्याची झालर. फोममध्ये घातली की वाकली, तुटली, संपली.

आता कोन. जिगचं मोजमाप घे. रोलरवर बसलेला असताना पात्याची मधली पातळी रोलरच्या जागी दगडापासून किती उंच आहे, आणि तिथून धारेपर्यंत अंतर किती. उंची भागिले अंतर, ही कोनाची साइन.

---

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · १२ ऑगस्ट

व्हर्नियरने मोजलं. उंची २५ मिमी, अंतर ६५ मिमी.

---

टूलरूम_भोसरी · १३ ऑगस्ट

म्हणजे २२.६ अंश. पातं ५ मिमी आत ओढून अंतर ६० कर, २४.६ होईल. बघ, ५ मिमीत दोन अंश फिरतात. दर वेळी जिगमध्ये पातं अंदाजाने बसवलंस तर दर वेळी नवा कोन. लाकडाचा एक ठोकळा कापून घे, ६० मिमीचा. पातं त्याला टेकवायचं आणि मगच स्क्रू आवळायचा.

किचनच्या सुरीला आपण एका अंगाला १५ ते २० अंश देतो. तुझं पातं कातडी, केस आणि बरगडीतून जाणार. तिथे १५ ची धार दुमडेल. २५ च्या जवळपास राहा.

कामाचा क्रम नीट वाच:

आधी ३२५. आकड्याचं अंग. पुन्हा मार्कर लाव आणि धारेलगतची काळी रेघ जाईपर्यंत घास. रेघ गेली की पलीकडे बर यायला लागेल. टोकापासून मागपर्यंत सलग बर लागली पाहिजे. पाठीकडून धारेकडे नख हलकेच ओढ, अडकलं की बर आहे. अजून सोपं: कापसाचा बोळा धारेवरून फिरव, जिथे तंतू अडकतात तिथे बर. टोकाकडे बर येत नाही म्हणालास ना, तिथे थांबायचं नाही. सगळ्यात आधी आत शिरतं ते टोक.

मग पलीकडचं अंग, तसंच. बर या अंगाला येईपर्यंत.

दुसऱ्या पात्यालाही तेच. हात मोजायचे. इकडे ४० मारलेस तर तिकडे ४०. एक पातं जास्त घासलंस तर तोल जाईल.

मग ६००. इथे नवं पोलाद काढायचं नसतं, ३२५ चे ओरखडे काढायचे असतात. १०-१०, ५-५, ३-३, शेवटी एकेक हात आलटून पालटून. दाब कमी कमी करत न्यायचा. शेवटच्या हातांना जिगचं स्वतःचं वजन पुरे. दाब ठेवलास तर बर या अंगावरून त्या अंगावर नुसती उलटत राहते.

१२०० वर तेच.

मग चामडं. जीन्स नको. जुना कमरपट्टा सपाट लाकडाला फेविकॉलने चिकटव, त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट घास. ओढायचं फक्त मागच्या दिशेने, धार मागे आणि पाठ पुढे. दर अंगाला १५-२०. पट्टा जाड, मऊ असेल तर तो धारेभोवती वर येतो आणि धार गोल करतो, म्हणून पातळ, कडक चामडं घे.

---

न्हावीआळी · १३ ऑगस्ट

काकांना नमस्कार. वडिलांचं सलून होतं, पंढरपुरात. ब्लेड यायच्या आधी वस्तराच. पट्टा खिडकीच्या गजाला अडकवलेला असायचा आणि वडील गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वस्तरा परजायचे. मला हातात देताना एकच सांगितलं होतं: पलटताना धारेवरून नाही, पाठीवरून पलटायचं. धारेवरून पलटलं की वस्तरा पट्टा कापतो आणि स्वतःही जातो. तुमच्या जिगलाही हे लागू असेल. हात संपल्यावर आधी उचला, मग फिरवा.

आणि आवाज ऐका. बर असेल तर पट्ट्यावर खर्र असा आवाज येतो. ती गेली की आवाज मऊ होतो, कापड सरकल्यासारखा. वडील आवाजावरच थांबायचे.

---

टूलरूम_भोसरी · १३ ऑगस्ट

न्हावीआळी, आवाजाचं शंभर टक्के खरं. ग्राइंडिंग व्हीलचंही तेच, कान आधी सांगतो.

---

डॅलसचा_दादा · १४ ऑगस्ट

हे सगळं बेंच ग्राइंडरवर पाच मिनिटांत होत नाही का? विचारतोय, कारण मी गेल्या वर्षी केलं होतं आणि धार आलीही होती, पण टिकली नाही.

---

टूलरूम_भोसरी · १४ ऑगस्ट

धारेशी निळा रंग आला होता का?

---

डॅलसचा_दादा · १४ ऑगस्ट

हो, टोकापाशी. मग लगेच पाण्यात बुडवलं.

---

टूलरूम_भोसरी · १४ ऑगस्ट

पोलादाचं पाणी उतरलं. निळं पडलं म्हणजे तिथे ३०० अंशांच्या आसपास गेलं, तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. नंतर पाण्यात बुडवून तो परत येत नाही. ८ ग्रॅमच्या तुकड्याला, त्यातही धारेसारख्या पातळ जागेला, तापायला एक सेकंद पुरतो. ती टोकं सरावाला ठेव, शिकारीला नेऊ नकोस. हाताने घासलं की पोलाद तापत नाही, म्हणून सांगतोय हाताने.

---

सविता_मॅडिसन · १४ ऑगस्ट

तीन पात्यांची एकसंध टोकं वापरणाऱ्यांसाठी: आपल्याला जिग लागत नाही. तीन पाती १२० अंशांवर असतात, त्यामुळे सपाट दगडावर ठेवलं की दोन पाती आपोआप ३० अंशांवर टेकतात. बाणाला लावूनच, बाण दांड्यासारखा धरून, पुढे ढकलायचं. दहा हात, मग पुढची जोडी, मग तिसरी. मार्कर इथेही लावा. दोन्ही अंगं मिळून कोन ६० अंशांचा होतो, सुरीच्या मानाने जाडच, तरी बर नीट काढली तर केस निघतात. माझे निघतात.

दगड मात्र खरोखर सपाट हवा. मधे खोलगट झालेला जुना दगड असेल तर टोकाची धार गोल होते.

एकाच अंगाला उतार असलेली टोकं कोणी घेणार असेल तर बाणाच्या पिसांचा पीळ बघून घ्या. उजवा पीळ असेल तर उजव्या उताराचं टोक, डावा तर डाव्या. उलटं लावलंत तर टोक एकीकडे फिरायला बघतं आणि पिसं दुसरीकडे.

---

साताऱ्याची_तिरंदाज · १६ ऑगस्ट

मी कंपाउंडवर, म्हणजे चाकं लावलेल्या धनुष्यावर, टार्गेट मारते, शिकारीशी संबंध नाही. २०२३ मध्ये बर्लिनला आमच्या साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघंही वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हापासून आमच्या रेंजवर पोरांची गर्दी आहे. प्रश्न असा: पुढे पाती असली की बाण भरकटत नाही का? आणि धार लावताना एका बाजूचं पोलाद जास्त गेलं तर?

---

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · १६ ऑगस्ट

भरकटतो. पाती म्हणजे बाणाच्या नाकावरचे छोटे पंखच, धनुष्याच्या ट्युनिंगमधली चूक ती दुप्पट करून दाखवतात. फील्ड पॉइंट एका जागी लागतो आणि ब्रॉडहेड त्याच्या वीतभर बाजूला, असं झालं की ट्युनिंग करावं लागतं. टोक सरळ बसलंय का हे बघायला बाण दोन टेकूंवर ठेवून गरगर फिरवतो. टोक थरथरताना दिसलं तर तो बाण बाद. म्हणून काकांचं 'हात मोजा' मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

आणि हो, ज्या टोकाने सराव केला ते पुन्हा धार लावल्याशिवाय न्यायचं नाही. एका बाणात फोम धार खातो.

---

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · २४ ऑगस्ट

मंडळी, जमलं.

आकड्याच्या अंगाला ३२५ वर दर पात्याला ११० हात लागले, तेव्हा कुठे ती काळी रेघ गेली. टोकाकडची सगळ्यात शेवटी. मग पुढचं सगळं काकांच्या क्रमाने. न्हावीआळी, पट्ट्यावर खर्र आवाज पहिल्या सहा-सात हातांत आला आणि मग खरोखर मऊ झाला. मी तिथेच थांबलो.

रबर बँडची परीक्षा घेतली. दोन खिळ्यांमध्ये रबर जरा ताणून धरायचं आणि पातं त्यावर नुसतं टेकवायचं. आधी रबर दबायचं, पातं घसरायचं. आता टेकवलं आणि रबर उडालं. चारही अंगांनी केस निघतात. फोममध्ये पाच वेळा खुपसून पुन्हा रबर लावलं, पुन्हा तुटलं. पहिल्यांदाच टिकलेली धार बघितली.

नंतर बाणाला बसवताना बोटांनी पिळत होतो, अंगठ्याला काप गेला. दुखलं नाही, पायावर थेंब पडला तेव्हा कळलं. डॉक्टरांचं म्हणणं असं सिद्ध झालं. आता टोक बसवायला पानाच वापरतो, तुम्हीही तेच करा.

धारेवर व्हॅसलिनचा पातळ हात देऊन ठेवलंय. इथे पहाटे दव असतं आणि कार्बन स्टीलला एका रात्रीत गंज येतो. गंज पहिल्यांदा लागतो तो सगळ्यात पातळ जागी, म्हणजे धारेलाच.

---

टूलरूम_भोसरी · २४ ऑगस्ट

शाब्बास. भात्यात फोम असेल तर टोक दर वेळी त्याच चिरेत घालत जा. नवीन जागी खुपसलंस की तेवढी धार कमी.

---

हिरवा_सह्याद्री · २५ ऑगस्ट

माझं मत बदललेलं नाही. पण तुम्ही घेताय ती मेहनत वाचली. जनावर तडफडू नये एवढंच माझंही म्हणणं आहे.

---

मिनेसोटातला_कोल्हापूरकर · ७ ऑक्टोबर

काल संध्याकाळी मादी, १५ यार्ड. बाण खांद्यामागे, हवा होता तिथेच. बाण पलीकडे मातीत रुतलेला मिळाला, रक्त गुलाबी, फेसाळ. सविताताईंचं ऐकून घड्याळ लावून अर्धा तास बसलो, जरी ती पडल्याचा आवाज मला आला होता. रक्ताचा माग शोधायला बॅटरी खाली वाकवावीही लागली नाही, दोन्ही बाजूंच्या पानांवर होतं. साठ पावलांवर ओकच्या झाडाखाली होती. मी तिच्याजवळ बराच वेळ बसलो होतो.

काका, एक विचारायचंय. टोक धुऊन भिंगाखाली घेतलं. धार बरीचशी तशीच आहे, पण बरगडीला लागून एका पात्यावर, टोकापासून सेंटीमीटरभर मागे, तांदळाच्या कणीएवढी खाच पडलीये. दुसरं पातं स्वच्छ आहे. खाच पूर्ण जाईपर्यंत घासू, की तेवढी सोडून बाकीची धार काढू?

---

टूलरूम_भोसरी · ८ ऑक्टोबर

कणीएवढी म्हणजे घासून काढ, सोडू नकोस. खाचेत कातडी अडकते. ३२५ वर खाच तळापर्यंत जाईतो, आणि स्वच्छ पात्यालाही तेवढेच हात. मग पोस्टाच्या वजनकाट्यावर ठेवून दुसऱ्या टोकाशी वजन ताडून बघ. कोन तोच, ६० चा ठोकळा. संपल्यावर फोटो टाक.